पाचवा महिना चालू आहे आणि रोस्टरमध्ये अजून नाईटच लागतायत, काय करू?

रातपाखरू | २० जानेवारी २०२६, पहाटे ३:१०

नाईटलाच बसून टाइप करतेय, मधे बेल वाजली की उठावं लागतं, तेव्हा तुटक वाटलं तर समजून घ्या.

मी नाशिकला एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयू स्टाफ नर्स आहे. नाव लिहीत नाही, साधारण शंभर बेडचं आहे एवढं धरा. जुलैत लागले, अकरा महिन्यांची ऑर्डर आहे, मे एंडला संपते. १९ आठवडे झालेत आणि तारीख १५ जून दिलीय. म्हणजे बघा, ऑर्डर संपणार आणि दोन आठवड्यांनी डिलिव्हरी. मुद्दाम जुळवून आणल्यासारखं :)

ड्यूटी रात्री ८ ते सकाळी ८, सहा नाईट मग ऑफ, मग दोन आठवडे मॉर्निंग की परत नाईट. एचबी (हिमोग्लोबिन) ९.४ आलंय, कमी आहे. परवा पेशंट वळवताना पोटात असं काही ओढ लागली की घाबरलेच मी. इन्चार्ज सिस्टरना तोंडी सांगितलं तर म्हणाल्या अगं सगळ्याच असतात प्रेग्नंट, तुझी नाईट मी कोणाच्या गळ्यात घालू. अॅडमिनच्या सरांना विचारलं मॅटर्निटी लिव्हचं, तर ते म्हणाले काँट्रॅक्टवाल्यांना लिव्ह बसत नाही, तुझं ऑर्डर संपल्यावर आराम कर, नंतर बघू घेता आलं तर.

माझे दोनच प्रश्न. नाईट बंद करून मागता येते का? आणि लिव्हचं खरंच काही नाही का? मिस्टरांचं काम सध्या बेभरवशाचं आहे, सोडून द्यायला सांगू नका प्लीज.

---

भोचकभवानी | २० जानेवारी, सकाळी ८:२५

आधी घरी जाऊन झोप बाई. काहीतरी खाऊन झोप.

---

टाचणी | २० जानेवारी, सकाळी ९:०२

आमच्या आया नवव्या महिन्यापर्यंत विहिरीवरून पाणी आणायच्या. हल्ली जरा काही झालं की कायदा.

---

सिस्टरकाकू | २० जानेवारी, सकाळी १०:४७

टाचणी, तुमच्या आया पाणी आणायच्या हे तुम्हाला आठवतं, त्यातली किती पोरं जगली हे पण विचारा कधीतरी आईला.

रातपाखरू, मी ३३ वर्षं सरकारी नोकरी करून सांगलीतून रिटायर झाले, शेवटची सहा वर्षं मेट्रन होते. रोस्टर मीच लावायचे त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयेत. आम्हाला १८० दिवस पगारी रजा होती, पण नाईट कोणाला माफ करायची ते मेट्रनच्या मर्जीवर. मी स्वतः एकदा एका पोरीला सातव्या महिन्यात नाईट लावली होती कारण दुसरं कोणी नव्हतंच. तिचं नीट झालं सगळं पण ते मला अजून टोचतं.

तुझी चूक एकच झाली, सगळं तोंडी केलंस. हॉस्पिटलात तोंडी बोललेलं हँडओव्हर संपला की संपतं. अर्ज लिही. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. पोच नाही तर अर्ज नाही हे डोक्यात पक्कं ठेव.

---

काळाकोट | २० जानेवारी, दुपारी १:१५

वकील आहे, पण इथे मी फुकट आणि जनरल बोलतोय. तुझी कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत.

आधी लिव्ह. काँट्रॅक्टवाल्यांना नाही, हे धादांत चूक. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा काँट्रॅक्ट की परमनंट असा भेद करतच नाही, प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की बस. २०१७ पासून रजा २६ आठवडे आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आधी घेता येतात. गेल्या वर्षी २१ नोव्हेंबरपासून चार लेबर कोड (केंद्राचे नवे कामगार कायदे) लागू झाले आणि हा कायदा सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला, पण ८० दिवस आणि २६ आठवडे तेच राहिलेत, त्यामुळे कोणी 'जुना कायदा गेला आता' म्हणालं तर हसून सोड.

ऑर्डर मधेच संपते त्याचं काय, तर सुप्रीम कोर्टात ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या केसमध्ये नेमकं हेच होतं. दिल्लीतल्या सरकारी हॉस्पिटलातल्या काँट्रॅक्ट डॉक्टर, रजा १ जूनपासून मागितली आणि करार ११ जूनला संपत होता. हॉस्पिटल म्हणालं ११ दिवस घ्या. कोर्ट म्हणालं नाही, कराराची मुदत संपली तरी पूर्ण लाभ द्या. आणि त्याच्या कितीतरी आधी, २००० साली, दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायकांनाही कोर्टाने हा हक्क दिलाय. त्या रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बायका होत्या, तू तर ऑर्डर हातात असलेली नर्स आहेस.

नाईटचं जरा वेगळं आहे, संध्याकाळी लिहितो, कोर्टात जातोय.

---

पगारपत्रक | २० जानेवारी, दुपारी २:४०

मी एचआरमध्येच आहे (दुसऱ्या शहरात, दुसऱ्या धंद्यात), दगड मारू नका.

ताई एक सांग, तुझा ग्रॉस किती आणि स्लिपमध्ये ईएसआय असं काही कापलं जातं का?

---

रातपाखरू | २० जानेवारी, संध्याकाळी ५:३०

झोपून उठले आत्ता. भोचकभवानी, पोहे खाऊन झोपले होते :)

ग्रॉस १९,६०० आहे. स्लिप बघितली, हो, ईएसआयसी १४७ रुपये असं आहे दर महिन्याला. मला वाटायचं तो मेडिक्लेम आहे हॉस्पिटलचा. कार्ड वगैरे काही दिलं नाही.

---

पगारपत्रक | २० जानेवारी, संध्याकाळी ५:५२

हुश्श. अगं मग अर्धा प्रश्न सुटला तुझा!!

ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा, २१ हजारांपर्यंत पगार असलेले त्यात येतात. तुझे पाऊण टक्का कापतात, १९,६०० चे बरोबर १४७, आणि मालक वरून सव्वातीन टक्के भरतो. मागच्या दोन काँट्रिब्युशन पिरियडमध्ये मिळून ७० दिवसांचे हप्ते भरलेले असले की २६ आठवडे पूर्ण सरासरी रोजाने पैसे ईएसआयसी देतं. हॉस्पिटलच्या खिशातून पगाराचा एक रुपया जात नाही. पिरियड म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तू जुलैपासून आहेस म्हणजे दिवस भरायला हवेत, पण नुसतं कापलं म्हणजे भरलं असं नसतं. कापून खिशात घालणारे महाभाग मी पाहिलेत. तुझा दहा आकडी आयपी नंबर (विमा नंबर) माग आणि ईएसआयसीच्या पोर्टलवर जाऊन महिन्यामहिन्याची एन्ट्री बघ. आज बघ.

आणि ऑर्डर मेमध्ये संपली तरी हा हक्क मरत नाही, कारण तो भरलेल्या हप्त्यांवर उभा आहे.

तुमचे अॅडमिन सर एकतर अडाणी आहेत किंवा... जाऊदे.

आता दगड मारा पण मालकाची बाजू पण लिहितो. जिथे पगार २१ हजाराच्या वर आहे तिथे २६ आठवड्यांचा पूर्ण पगार मालकाने एकट्याने द्यायचा, सरकार त्यात काही घालत नाही. दहा-बारा माणसांच्या छोट्या ऑफिसला हे जड जातं आणि मग इंटरव्ह्यूत 'लग्न झालंय का' हा प्रश्न येतो. प्रश्न चूकच आहे, पण तो कुठून येतो ते पण बघावं लागेल ना.

---

हिंजवडीची_कॅब | २० जानेवारी, रात्री ९:१८

कुठून येतो ते आम्हाला माहितीये हो दादा, जातो कुठे ते पण माहितीये, आमच्या अप्रेझलमध्ये.

यूएस प्रोसेसला होते, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. तिसऱ्या महिन्यात मेल टाकला की नाईटला माझी संमती यापुढे नाही, डॉक्टरचं पत्र जोडलंय. आठ दिवसांत दिवसाच्या प्रोजेक्टला टाकलं, काही भांडण नाही, सगळे गोड. वर्षाअखेरीला रेटिंग 'अपेक्षेपेक्षा कमी', कारण प्रोजेक्ट नवीन होता म्हणे. कायद्याने नाईट थांबवली ती खरंच थांबली, पण रेटिंगचं काय करणार, त्याला कुठलं कलम लावू?

तरी परत तेच करीन.

---

काळाकोट | २० जानेवारी, रात्री १०:०५

आलो. नाईटबद्दल.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागांसाठी केला, आणि त्यात आस्थापनेच्या व्याख्येत हॉस्पिटल, प्रसूतिगृह, क्लिनिक सगळं आहे. त्याचं कलम १३ म्हणतं की बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामाला लावायचं असेल तर तिची संमती हवी, सुरक्षेची सोय हवी आणि घराच्या दारापर्यंत गाडी हवी. नव्या कोडमध्ये पण संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी संमती लागतेच. तुझं हॉस्पिटल म्हणेल जॉइनिंगच्या गठ्ठ्यात तू सही केलीयेस. केली असशील. पण संमती म्हणजे काही खरेदीखत नाही, एकदा केलं की झालं. परिस्थिती बदलली, मी मागे घेते, हे लेखी कळवायचं. मी तरी कोर्टात असंच मांडेन.

आता एक कटू गोष्ट. खास गरोदरपणासाठी 'जड काम नको, जास्त वेळ उभं राहणं नको' असं जे कलम आहे ते फार तोकडं आहे. तारखेच्या सहा आठवडे आधीचा जो एक महिना असतो, त्यात तू मागितलंस तर द्यावंच लागतं, आणि त्या सहा आठवड्यांत तू कामावर असशील तर तेव्हाही काही अटींवर. तुझ्या तारखेने हिशोब केला तर साधारण ४ एप्रिलनंतर. आज जानेवारी आहे. म्हणजे या मधल्या अडीच महिन्यांसाठी कायदा तुझा हात धरत नाही, तिथे डॉक्टरचं पत्रच कामाला येईल.

---

श्टुटगार्टची_सून | २० जानेवारी, रात्री ११:३३

वाचून वाईट वाटलं. इकडे जर्मनीत रात्री ८ ते सकाळी ६ गरोदर बाईला कामाला लावायचंच नाही असा नियम आहे, फक्त ८ ते १० मधे तिच्या मर्जीने आणि डॉक्टरने हरकत नाही म्हटलं तर. बाळ चार महिन्यांचं होईपर्यंत कामावरून काढता पण येत नाही. मी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरने माझ्या टेबलाखुर्चीपासून सगळ्याची धोक्याची यादी भरून दिली होती.

---

टाचणी | २१ जानेवारी, सकाळी ७:४०

झालं, आल्या जर्मनीच्या गोष्टी. तिकडे सहा आठवडे आधी नि आठ नंतर, मिळून चौदाच आठवडे, ते नाही सांगितलं.

---

श्टुटगार्टची_सून | २१ जानेवारी, दुपारी १:०५

चौदा हे बाळंतपणाच्या रजेचे हो, त्यानंतर पालकरजा वेगळी असते. पण मुद्दा बरोबर, रजेच्या आकड्यात भारत मोठा दिसतो. पोटात बाळ असताना रोजचं काम कसं असावं याच्यात इकडे जास्त लिहिलंय. तुमच्याकडे बाळंतीण सांभाळली, गरोदर विसरली असं काहीसं.

---

डॉ_कडूकिराईत | २१ जानेवारी, दुपारी ३:२०

स्त्रीरोगतज्ज्ञ. तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण दोन गोष्टी.

डेन्मार्कमध्ये २०१९ साली एक मोठा अभ्यास आला, २२,७४४ बायका, बहुतेक हॉस्पिटलातल्याच. आठवड्यात दोन किंवा जास्त नाईट केल्या की पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका ३२ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आठव्या आठवड्यानंतर. ३२ टक्के ऐकून घाबरू नको, मुळात आठव्या आठवड्यानंतर तो धोका कमी असतो आणि त्या कमीतली ही वाढ आहे. तू १९ व्या आठवड्यात आहेस, तो टप्पा बराचसा मागे पडला. तुझ्या बाबतीत मला एचबी आणि पेशंट उचलणं जास्त खुपतंय. आयसीयूत पोर्टेबल एक्स-रे येतो तेव्हा सरळ दोन मीटर लांब जा, लाजू नकोस, 'सिस्टर जरा हात धरा' म्हणाले तरी नाही म्हण.

दुसरी जास्त महत्त्वाची. तुझ्या डॉक्टरला पत्र मागशील तेव्हा ते सवयीने 'बेड रेस्ट' लिहून देतील. घेऊ नकोस. आम्ही डॉक्टर लोक चांगल्या मनाने हे लिहितो आणि पेशंटचं नुकसान करतो. बेड रेस्ट लिहिलं की हॉस्पिटल म्हणतं ठीक आहे, मग घरीच बस, बिनपगारी. पत्रात असं हवं: कामास सक्षम, दिवसपाळी, १२ तासांची सलग ड्यूटी नको, पेशंट उचलणे-वळवणे नको, अमुक तारखेपर्यंत. एचबीचा आकडा घालून. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या बायकांना मी आता विचारूनच लिहिते की तुला रजा हवीय का काम हवंय.

---

केजकरीण | २१ जानेवारी, रात्री ८:५०

हे सगळं वाचतेय आणि आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या बायका डोळ्यापुढे येतात. कोयता नवरा-बायकोचा जोडीने मोजतात, उचल दोघांची मिळून, एक दिवस नाही गेली तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरी तर गेलीच वर दंड. सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाया आहेत. २०१९ ला सरकारने नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या तेरा हजारांवर ऊसतोड बायकांची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. त्यांना ना ऑर्डर ना स्लिप, पोच कोणाकडून घेणार.

अवांतर झालं, माफ करा. रातपाखरू तू मात्र सोडू नको गं, तुझ्याकडे कागद आहे.

---

मुकी_कळी | २२ जानेवारी, रात्री १२:१५

मी कधी लिहीत नाही इथे. माझं अकराव्या आठवड्यात गेलं. चौथ्या दिवशी कामावर होते, रजा सीएलमधून (किरकोळ रजेतून) कापली. दोन वर्षांनी कळलं की गर्भपाताला पण सहा आठवडे पगारी रजा असते. कोणी सांगितलंच नाही. मी पण कोणाला विचारलं नाही, विचारायचं तर काय झालं ते सांगावं लागलं असतं ना.

---

सिस्टरकाकू | २२ जानेवारी, सकाळी ६:३०

कळी, बाळा. वाचलं तुझं. बोलावंसं वाटलं तर मला मेसेज कर, मी पहाटे पाचपासून जागीच असते.

---

रातपाखरू | ३ फेब्रुवारी, रात्री ९:४५

अपडेट देते. रागावू नका, मधे तापाने आजारी होते.

पोर्टलवर एन्ट्री सापडल्या, जुलैपासून डिसेंबरपर्यंत सगळ्या भरलेल्या आहेत!! आयपी नंबर मागायला अकाउंट्सला गेले तर तिथला मुलगा म्हणाला मॅडम कशाला, दवाखान्यातच तर काम करता. मी म्हटलं माझा नंबर आहे, मला द्या. दिला.

डॉक्टरांनी खरंच आधी बेड रेस्टच लिहिलं होतं, मी बदलून मागितलं. त्या जरा चिडल्या, मग म्हणाल्या असं कोणी मागत नाही.

अर्ज एका पानाचा केला. काकूंनी मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे तीनच मुद्दे, रात्रपाळीची संमती मागे घेते, डॉक्टरच्या पत्राप्रमाणे काम द्या, आणि २० एप्रिलपासून मातृत्व रजा घेणार आहे, ईएसआयसीकडे क्लेम करणार आहे. अॅडमिन सरांनी वाचला आणि म्हणाले ठेव इथे. मी म्हटलं शिक्का. ते म्हणाले शिक्का-बिक्का काय, घरचीच माणसं ना आपण. माझे पाय लटलट कापत होते पण उभी राहिले तशीच. पाच मिनिटं ते फोनवर बोलत बसले, मी उभी. शेवटी रिसेप्शनच्या मुलीने बोलावून नेलं आणि तिने मारला शिक्का, आवक नंबर टाकला. तिचं काय जातंय म्हणा.

फोटो काढून तीन ठिकाणी पाठवून ठेवलाय.

---

काळाकोट | ३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

शाब्बास. पंधरा दिवस वाट बघ, नाही झालं तर त्या पोचेची झेरॉक्स लावून सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसला तक्रार अर्ज. ईएसआयचं काही अडलं तर त्यांच्या शाखा कार्यालयात वेगळं. दोन्हीकडे पोच!!

---

पगारपत्रक | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

क्लेम २० एप्रिलला पहिल्यांदा बघू असं करू नकोस, आत्ताच ईएसआयच्या दवाखान्यात प्रेग्नन्सीची नोंद करून घे. आणि हो, आठ आठवडे आधी घेतलेस की नंतरचे अठराच उरतात, २६ मध्येच ते सगळं. पुष्कळ जणी चार आठवडे आधी घेतात. मधे आजारी पडलीस तर आजारपणाचे ७० टक्क्याने वेगळे मिळतात, ती रजा यातून खाऊ नकोस.

---

रातपाखरू | २६ फेब्रुवारी, दुपारी ४:५५

आजपासून सकाळी ८ ते ४, ओपीडीच्या इंजेक्शन रूममध्ये. लेखी उत्तर काहीच दिलं नाही, सोमवारी रोस्टर लागलं आणि त्यात माझ्या नावापुढे सगळीकडे 'एम'. नाईट अलाउन्स गेला, महिन्याला अंदाजे हजार-बाराशेचा फटका आहे, पण चालेल.

एक गोष्ट लागली मनाला. माझ्या नाईट ज्या दोघींना लागल्या त्यातली एक माझी मैत्रीणच आहे, आम्ही एकत्र डबा खायचो. तीन दिवस बोलली नाही. काल मीच तिच्यापाशी गेले तर म्हणाली, तुझं बरोबर आहे गं, पण माझी पोरगी चार वर्षांची आहे आणि रात्री तिला सासूशिवाय कोणी नाही. त्यावर मला काही बोलताच आलं नाही. हॉस्पिटलने दोन नर्स भरायच्या तर त्यांनी ते तिच्या आणि माझ्यात लावून दिलं.

---

सिस्टरकाकू | २६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

तेच तर. रोस्टर लावणारीला तेवढंच हातात असतं, हिची काढ तिला लाव. माणसं वाढवायचं वरच्यांच्या हातात. तिला म्हणावं तू पण लिहून दे, दोघी मिळून द्या की कमी स्टाफचा अर्ज. नाही ऐकलं तरी आवकला दोन नंबर पडतील.

आता लोहाच्या गोळ्या वेळेवर घे. चहाबरोबर घेऊ नकोस.

---

चाकण_सेकंड_शिफ्ट | १ मार्च, रात्री १:२०

नमस्कार, नवीन आहे इथं. नवीन धागा काढू का इथंच विचारू कळेना. बायकोसाठी विचारतोय, ती गाडीच्या पार्ट्सच्या कंपनीत लाईनवर आहे, काँट्रॅक्टरकडून, आठ तास उभंच काम, बसायला स्टूल नाही. चौथा महिना आहे. सुपरवायझर म्हणतो स्टूल दिलं तर सगळ्याच मागतील. तिला ऑर्डर वगैरे काही दिलेली नाही.

---

पगारपत्रक | १ मार्च, सकाळी ८:०५

इथंच विचारा भाऊ. ऑर्डर नसली तरी घाबरू नका. पगार बँकेत येतो का हातात? बँकेत येत असेल तर पासबुकाचे सहा महिन्यांचे पान काढून ठेवा, आणि स्लिप असेल तर तिच्यात ईएसआयसी लिहिलंय का ते सांगा.

---

चाकण_सेकंड_शिफ्ट | १ मार्च, दुपारी २:३०

बँकेत येतो. स्लिप मागायला सांगतो तिला उद्या.

---

रातपाखरू | १ मार्च, दुपारी २:४१

नुसतं मागायला नको, लिहून मागायला सांगा. दोन प्रती.